कोपरगावची गाडी

दिवाळी उलटली आणि बेलखेडीतल्या निम्म्या घरांना कुलपं लागली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पत्रे, बांबू, शेळ्या भरून ऊसतोडीची कुटुंबं कोपरगाव-श्रीरामपूरकडच्या कारखान्यांवर निघून गेली. गावात उरली ती म्हातारी माणसं आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली लहान पोरं. शेवगाव तालुक्याच्या या कोरडवाहू पट्ट्यात दरवर्षी असंच होतं, म्हणून कुणाला त्याचं नवल वाटत नाही.

शबनम सय्यदला मात्र हे महिने जड जात. ती तालुक्याची बालविकास प्रकल्प अधिकारी. सगळ्या अंगणवाड्या तिच्या देखरेखीखाली. त्यात शेजारच्या खात्यातली जागा रिकामी पडल्यापासून ज्येष्ठ नागरिकांच्या कामाचा जादा कार्यभारही तिच्याकडे आला होता. ऑफिसातला शिपाई गमतीनं म्हणायचा, "मॅडमकडं पाळणा पण हाय आन् काठी पण हाय." ती मूळची देवळाली प्रवराची, नवरा नगरला बँकेत. ती शेवगावात भाड्याची खोली घेऊन राहायची आणि शनिवारी घरी जायची. बोलणं कमी, निर्णय झटपट, अशी तिची ख्याती होती.

एका सकाळी बेलखेडीच्या अंगणवाडी सेविकेचा, लंकाताईंचा फोन आला.

"मॅडम, छताचा मोठा पोपडा पडला. सळया दिसायला लागल्या. पोरं यायच्या आधी पडला, देवानंच राखलं."

शबनम दुपारपर्यंत गावात पोचली. खोलीत पोषण आहाराच्या डब्यावर सिमेंटचा ढिगारा पडलेला होता. भिंतीवरच्या रंगवलेल्या हत्तीच्या पाठीवरून एक भेग थेट वर गेली होती. तिनं खोलीला तिथल्या तिथं कुलूप लावायला सांगितलं. प्रश्न एवढाच उरला, की मुलांना बसवायचं कुठं? शाळेत जागा नव्हती. मंदिराचा मंडप तिन्ही बाजूंनी उघडा आणि शेजारीच विहीर. गावात पक्की, कोरडी, पंखा असलेली एकच जागा होती: ज्येष्ठ नागरिकांचं विरंगुळा केंद्र.

हे केंद्र मारुतीच्या देवळामागं होतं. एक मोठी खोली, पुढं पडवी, आत टीव्ही, कॅरम, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि वर्तमानपत्रं. नाव ज्येष्ठ नागरिकांचं असलं तरी बसायचे फक्त म्हातारे. म्हाताऱ्या उद्घाटनाच्या दिवशी रांगोळी काढायला गेल्या होत्या, त्यानंतर त्यांनी उंबरा ओलांडला नव्हता.

शबनम आत गेली तेव्हा पाच-सहा जण बसले होते. खिडकीपाशी उंच, ताठ बांध्याचे बिभीषण ढाकणे बसले होते. सगळं आयुष्य त्यांनी एसटीत ड्रायव्हर म्हणून काढलं होतं. त्यांच्या बाजूच्या खुर्चीवर इब्राहिम तांबोळी. पूर्वी गावात त्यांचं पानाचं दुकान होतं. बोलले ते इब्राहिमच.

"बाई, पोरं काय वाईट हाईत का? पन इथं नगं. आमाला शांतता लागती."

"थोड्या दिवसांचा प्रश्न आहे, चाचा. दुरुस्ती झाली की मुलं परत जातील."

"सरकारी दुरुस्ती आमाला ठाऊक हाय," कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. इब्राहिम हसले नाहीत.

"तसं न्हाई, बाई. कलकलाट झाला की काहींना तरास हुतो. दार सारखं उघडं राहनार. लोकांची ये-जा हुनार. तुमी दुसरं बघा."

"कुणाला त्रास होतो?"

इब्राहिमनी क्षणभर बिभीषणअण्णांकडं पाहिलं आणि म्हणाले, "हाईत काही जन."

शबनमला वाटलं, हे हट्टाचं बोलणं आहे. म्हाताऱ्यांना आपला कॅरम सोडवत नाही. बावीस पोरं उघड्यावर बसवायची आणि सहा माणसांच्या शांततेसाठी खोली राखायची, हे तिला पटण्यासारखं नव्हतं. "सोमवारपासून मुलं इथं बसतील," ती म्हणाली. "निम्मी खोली तुमची, निम्मी त्यांची. मध्ये चवाळ्याचा पडदा बांधून देते." बिभीषणअण्णा खिडकीबाहेर बघत होते.

सोमवारी अंगणवाडी केंद्रात आली. गावानं लगेच विनोद केला: बिभीषण आणि लंका अखेर एका छपराखाली आले. लंकाताईही हसायच्या आणि म्हणायच्या, "आता कुनी शेपटीला जाळ लावू नका म्हंजी झालं."

पहिले दिवस कुरबुरीत गेले. मग मुलांना शोध लागला की खिडकीपाशी बसणारे आजोबा ड्रायव्हर होते. त्यांनी चवाळ्याखालून खुर्च्या सरकवल्या, अण्णांच्या मागं एकामागं एक मांडल्या आणि गाडी तयार केली. कुणीतरी चमच्यानं वाटी वाजवून घंटी दिली. अण्णांनी मान न वळवता हात पुढं केला, गिअर टाकला आणि गाडी निघाली. ते गावांची नावं घेत जायचे. शेवगाव, नेवासा, श्रीरामपूर, कोपरगाव. एकही थांबा चुकायचा नाही. लंकाताईंनी शबनमला फोनवर हे सांगितलं तेव्हा शबनमला आपला निर्णय बरोबर ठरल्याचं समाधान वाटलं.

या गाडीत सगळ्यात पुढच्या खुर्चीसाठी भांडायची ती संस्कृती. चार वर्षांची, तेल लावून चापून घातलेल्या दोन वेण्या. तिचे आईबाप, अंगद आणि पूजा, कोपरगावकडं ऊसतोडीला गेले होते. ती आजीजवळ, भागूबाईजवळ राहायची. भागूबाई सकाळी तिला आणून सोडायची आणि थोडा वेळ पडवीच्या पायरीवर टेकायची. आत ये म्हटलं तर म्हणायची, "बाप्यांच्यात काय बसायचं?" आणि खुरपायला निघून जायची. संस्कृती दुपारपर्यंत नीट राहायची. पण जेवायची वेळ झाली की तिला आई आठवायची आणि ती ताट पुढं ढकलून द्यायची. रडायची नाही. फक्त विचारायची, "कोपरगाव कुठंशी हाय?" लंकाताई म्हणायच्या, "हाय तिकडं, लांब. खा आधी."

डिसेंबरातल्या एका शुक्रवारी हे झालं. इब्राहिम जुम्याच्या नमाजाला गेले होते. एरवी त्यांच्या माघारी दुसरं कुणीतरी अण्णांच्या बाजूला बसायचं, पण त्या दिवशी गावात लग्न होतं आणि बाकीचे म्हातारे पंगतीला गेले होते. लंकाताई आणि मदतनीस पडवीच्या मागच्या बाजूला खिचडी वाढून घेत होत्या. ताटं घेऊन त्या आत आल्या, तर खिडकीपाशी अण्णा नव्हते आणि पुढच्या खुर्चीवर संस्कृती नव्हती.

आधी त्यांनी देवळामागं पाहिलं. मग भागूबाईच्या घरी, मग अण्णांच्या घरी. मग कुणीतरी विहिरीचं नाव काढलं आणि गाव पळायला लागलं.

शबनम तेव्हा शेवगावात ऑफिसात होती. फोनवर लंकाताईंना धड बोलता येत नव्हतं. शबनमनं पोलिसांना कळवलं, जीप काढायला सांगितली आणि जिना उतरता उतरता पुन्हा फोन लावला. या वेळी तो इब्राहिमनी घेतला. ते मशिदीतून धावत आले होते, त्यांना दम लागला होता.

"बाई, ऐका. बिभीषणला काही आठवत न्हाई."

"म्हणजे?"

"दोन वरसं झाली. डोकं जाग्यावर ऱ्हात न्हाई त्याचं. घरचा रस्ता चुकतो. कधी कधी म्हनतो, ड्युटीची येळ झाली. आमी त्याला बसवून ठेवतो, संध्याकाळी घरी नेऊन सोडतो. कुनाला सांगितलं न्हाई. त्याच्या पोरालाबी अर्धंच ठाऊक हाय." ते थांबले. "म्हनून तुमाला नगं म्हनत हुतो."

शबनमनं जिन्यातच विचारलं, "ड्युटी म्हणजे कुठली गाडी, चाचा?"

"नाशिक गाडी. कोपरगाववरून जानारी. शेवटची बारा वरसं तीच हुती त्याच्याकडं."

जीप बेलखेडीच्या रस्त्याला लागणार होती. शबनमनं ड्रायव्हरला सांगितलं, "आधी स्टँडवर घ्या."

शेवगावच्या स्टँडवर बाजारच्या दिवसासारखी गर्दी नव्हती. चौकशीच्या खिडकीत वैजनाथ नावाचे वाहतूक नियंत्रक बसत. तिनं बेलखेडीचं नाव घेताच त्यांनी आतल्या खोलीकडं बोट दाखवलं. "मॅडम, बेलखेडीचे ढाकणेअण्णा ना? मी त्यांचा कंडक्टर होतो. खिडकीपाशी आले आणि म्हणाले, नाशिकची गाडी लावा, उशीर झालाय. मी ओळखलं, काहीतरी बिनसलंय. बसवून ठेवलंय. रविराजचा फोन लागत नव्हता."

रविराज म्हणजे अण्णांचा मुलगा. गावाबाहेर त्याचं ठिबकच्या पाइपांचं दुकान होतं. त्या वेळी तो विहिरीत उतरलेल्या पोरांना दोर देत होता.

आतल्या खोलीत एका बाकावर अण्णा बसले होते, गुडघ्यावर हात, पाठ ताठ. बाजूला संस्कृती अर्धं केळं हातात धरून पाय हलवत होती. फाट्यावर त्यांना एसटी मिळाली होती. वयामुळं अण्णांना तिकीट लागत नव्हतं, मुलीलाही नाही. नातीला घेऊन निघालेला म्हातारा माणूस म्हणून कंडक्टरनं उलट त्यांना जागा करून दिली होती.

शबनम समोर बसली.

"अण्णा, कुठं निघालात?"

"ही पोरगी सोडायची कोपरगावला. आईकडं." त्यांनी अगदी सरळ उत्तर दिलं. "कवाची इचारती हाय, कुनी सांगंना. मग म्हनलं, आपली गाडी तिकडंच जाती, सोडू. गाडी लावली का?"

"नाही अजून."

"मग वैजनाथला सांगा. पोरगी उपाशी हाय."

संस्कृती म्हणाली, "मी केळं खाल्लं."

शबनमनं मुलीला जवळ घेतलं, तिच्या वेण्यांवरून हात फिरवला. तिला ओरडायचं होतं. कुणावर, ते कळत नव्हतं. अण्णांना सांगावं की तुमची नोकरी कधीच संपली, तर ते तिच्याकडं पूर्ण विश्वासानं बघत होते. शेवटी वैजनाथ आत आले, त्यांनी टोपी काढली आणि म्हणाले, "अण्णा, आजची फेरी रद्द झाली. वरून फोन आला. तुम्हाला बेलखेडीला सोडायला जीप दिलीय."

"रद्द?" अण्णा उठले. "मग आधी सांगायचं न्हाई का? पोरीला उगंच आनलं." आणि ते जीपकडं चालू लागले.

गावात जीप शिरली तेव्हा बायका मंदिरापाशी जमल्या होत्या. भागूबाईनं संस्कृतीला उचललं, दोन चापट्या मारल्या, पुन्हा छातीशी धरलं आणि खाली बसून मोठ्यानं रडली. रविराजनं वडलांचा हात धरला आणि त्यांना घरी नेलं. त्याच्या हातांवर ओल्या दोराचे वळ तसेच होते.

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत बैठक झाली. सरपंच म्हणाले, म्हातारबुवांना केंद्रात यायला बंदी करा. कुणी म्हणालं, अंगणवाडीच बंद करा. लंकाताई एका कोपऱ्यात डोळे पुसत बसल्या होत्या. रविराज उभा राहिला आणि खाली मान घालून म्हणाला, "वडील आता घरीच ऱ्हातील. मी कुलूप लावून दुकानात जाईन."

"कुलूप?" इब्राहिम ताडकन म्हणाले. "जनावर हाय का ते?"

"मग काय करू, चाचा? दुकान बंद करू?"

"तू दोन वरसं काय केलं? म्हातारपन हाय, म्हातारपन हाय, म्हनत बसला."

"तुमी तरी सांगितलं का मला? आज बा घरला वाट चुकला, असं एकदा तरी म्हनला?"

इब्राहिम हळू आवाजात म्हणाले, "त्यानंच हात जोडले हुते. तवा त्याला कळत हुतं. म्हनला, पोराला सांगू नको, पोरगं मला घरात कोंडंल."

रविराजनं रुमाल तोंडाला लावला.

मग शबनम उठली. "दोष द्यायचा तर माझ्यापासून सुरुवात करा," ती म्हणाली. "चाचा नको म्हणाले होते. का नको, हे मी धड विचारलं नाही. विचारलं असतं तर दाराला कडी लावली असती, एक माणूस जास्त बसवला असता. लंकाताई आणि मदतनीस, दोघींनीच स्वयंपाक करायचा, वाढायचं आणि दारही बघायचं, ही माझी व्यवस्था होती."

"मग आता कसं करायचं, मॅडम?" सरपंचांनी विचारलं.

"मला माहीत नाही. तुम्ही सांगा."

एवढं म्हणून ती खरोखरच खाली बसली. अधिकारी असं म्हणून बसतो, याची गावाला सवय नव्हती. बराच वेळ नुसती कुजबुज झाली. बोलली ती शेवटी भागूबाई, दाराबाहेरून. बायका बाहेरच उभ्या होत्या.

"माझ्या नातीला काय झालं असतं म्हंजी? या इचारानं राती माझा डोळा लागला न्हाई," ती म्हणाली. "त्यांच्यावर राग हाय माझा. पन पोरगी म्हैनाभर एकच इचारीत हुती, आय कुठं हाय. मी म्हनले, गप. लंका म्हनली, खा. एवढ्या गावात त्या एका येड्या मानसानं तिचं ऐकलं." ती थांबली, पदर सावरला. "दाराशी मी बसते. मला काय, पोरं सुटल्यावर खुरपायला जाईन. माझ्यासंगं ही शाहूबाई बसंल, बिबीजान बसंल. आमी दिवसभर घरात भिताडच बघतो न्हाई का? त्या मानसाला कोंडू नका."

बिबीजान म्हणजे इब्राहिमची बायको. इब्राहिमनी आश्चर्यानं दाराकडं पाहिलं. बिबीजाननं मान हलवली, "व्हय, बसंन मी."

तसंच ठरलं. दाराला आतून कडी लागली. मुलं असेपर्यंत दोन म्हाताऱ्या उंबऱ्याशी बसायच्या. पुढच्या आठवड्यात शबनमनं अण्णांना नगरच्या सरकारी दवाखान्यात न्यायची सोय केली. रविराज बरोबर गेला. डॉक्टरांनी सांगितलं, हे बरं होणारं नाही, पण सांभाळता येणारं आहे. परत आल्यावर रविराज केंद्रात गेला आणि त्यानं इब्राहिमना विचारलं, "चाचा, बा चिडला की तुमी काय करता?" इब्राहिम म्हणाले, "बस. सांगतो."

पण त्याआधी, बैठकीच्याच दिवशी, संस्कृतीच्या आईला कळवायचं होतं. ते काम शबनमनं स्वतःकडं घेतलं. उसाच्या फडातून पूजाचा फोन लागला तेव्हा पाठीमागं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. शबनमनं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. मग पूजानं विचारलं, "थंडी हुती का त्या येळी? तिच्या अंगात स्वेटर हुता?"

"होता."

"येते मी," एवढंच म्हणून तिनं फोन ठेवला.

ती रविवारी आली. जेमतेम पंचविशीची, उन्हानं रापलेली, बोटांना उसाच्या पाचटीचे चरे. शबनम शनिवारी घरी गेलीच नव्हती. ती भागूबाईच्या घरी थांबली होती. पूजानं मुलीला कडेवर घेतलं, चहा नको म्हणाली आणि थेट विचारलं, "तो म्हातारा कुठं हाय?"

अण्णा केंद्रात खिडकीपाशी होते. इब्राहिम शेजारी. पूजा दारातून आत गेली, त्यांच्यासमोर उभी राहिली. काय बोलायचं ते तिनं सगळ्या वाटेनं घोकलं असणार. पण अण्णांनी मान वर केली आणि म्हणाले, "कुठं उतरायचं, बाई?"

पूजानं मुलीला दुसऱ्या कडेवर घेतलं.

त्यांनी तिच्या कडेवरच्या संस्कृतीकडं पाहिलं. ओळखलं की नाही, सांगता आलं नसतं. "पोरगी गुनाची हाय," ते म्हणाले. "सगळ्या वाटेनं रडली न्हाई. खिडकीपाशी बसवा, म्हंजी वारं लागतं."

संस्कृती म्हणाली, "हेच बाबा मला तुझ्याकडं आनीत हुते."

पूजानं डोळे मिटले. मग तिनं वाकून अण्णांच्या पायांना हात लावला आणि बाहेर पडवीत येऊन बसली. भागूबाई तिच्याजवळ बसली. सासूनं सुनेचा हात हातात घेऊन बोटांवरचे चरे पाहिले.

"मी हिला नेते," शेवटी पूजा म्हणाली.

शबनमला हेच नको होतं. फडावरच्या कोप्या तिनं पाहिल्या होत्या. पाचटीचं छप्पर, पहाटेची थंडी, ट्रॉल्यांची वर्दळ आणि आईबाप फडात असताना पाळण्याजवळ बसवलेल्या पाच-सहा वर्षांच्या बहिणी. तिनं ते सगळं सांगितलं. पूजानं नीट ऐकून घेतलं.

"ठावं हाय, मॅडम. मीबी तिथंच वाढले," ती म्हणाली. "तुमचं खोटं न्हाई. पन ही तिथं थंडीनं रडंल, इथं माझ्यासाठी कुढती हाय. थंडीला मी गोधडी घालीन. दुसऱ्याला काय घालू?"

मुलीला गावात ठेवणं हे शबनमचं काम होतं, तेच ती वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आली होती. तरी तिनं फोन काढला आणि कोपरगावच्या आपल्या सहकारी अधिकाऱ्याला लावला. पूजाच्या कोपीपासून चालत जाण्यासारखी अंगणवाडी कुठली, तिथली सेविका कोण, मुलीला उद्यापासून घेतील का, हे सगळं तिनं पूजासमोरच विचारून घेतलं. पूजानं सेविकेचा नंबर आपल्या मोबाईलमध्ये घातला. "तोडीला जायच्या आधी सोडीन," ती म्हणाली. दुपारच्या गाडीनं मायलेकी गेल्या. भागूबाईनं नातीच्या पिशवीत बाजरीच्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. गाडी वळणापलीकडं गेली तरी ती फाट्यावर उभीच होती.

शबनमला वाटलं, आता भागूबाई काही केंद्रात यायची नाही. जिच्यासाठी यायची तीच गेली. पण सोमवारी लंकाताईंनी सांगितलं, भागूबाई सगळ्यात आधी येऊन उंबऱ्याशी बसली होती.

जानेवारीच्या शेवटी अंगणवाडीचं छत दुरुस्त झालं आणि मुलं आपल्या जुन्या खोलीत परत गेली. म्हाताऱ्यांनी चवाळं सोडून घडी करून ठेवलं. त्यानंतर आठवड्याभरानं शबनम पाहणीला गेली. अंगणवाडी बघून झाल्यावर ती केंद्राकडं वळली. तिला वाटलं होतं, तिथं पुन्हा पहिल्यासारखी शांतता असेल.

खोलीत कुणी नव्हतं. आवाज पाठीमागून येत होता. केंद्रामागच्या मोकळ्या रानात गोवऱ्यांची आगटी पेटली होती आणि ज्वारीची कोवळी कणसं भाजली जात होती. भागूबाई, बिबीजान, शाहूबाई आणि आणखी तिघी-चौघी सुती कापडावर कणसं चोळत बसल्या होत्या. म्हातारे पलीकडं खुर्च्यांवर. रविराज दुपारचं दुकान बंद करून आला होता आणि विस्तव सारखा करत होता.

"या मॅडम," भागूबाई म्हणाली. "केंद्र आता निम्मं आमचं हाय. टीव्ही दुपारचा आमचा, संध्याकाळचा यांचा."

"आमाला इचारलं न्हाई कुनी," इब्राहिम म्हणाले.

"इचारलं असतं तर तुमी हो म्हनला असता?" बिबीजान म्हणाली, आणि बायका हसल्या.

संस्कृतीचं कसं चाललंय, हे शबनमनं विचारलं. रोज जाती म्हने अंगनवाडीत, भागूबाईनं सांगितलं, खोकला झाला हुता, आता बरा हाय. सांगताना तिचे हात थांबले नाहीत. शबनमला अजून दोन गावं करायची होती, जीपचा ड्रायव्हर घड्याळ दाखवत होता. तिनं त्याला हातानं थांब म्हटलं आणि चप्पल काढून बायकांमध्ये सतरंजीवर बसली.

बिभीषणअण्णा खुर्चीत होते. पहिल्यापेक्षा वाळलेले. त्यांनी शबनमला ओळखलं नाही. इब्राहिम आपल्या तळहातावर हुरडा घेऊन फुंकर मारत होते. कूस उडून गेलं की ते चिमूटचिमूट दाणे अण्णांच्या हातावर ठेवायचे आणि अण्णा ते सावकाश चावून खायचे.

"गोड हाय," अण्णा म्हणाले.

"गूळभेंडी ज्वारी हाय ही," इब्राहिम म्हणाले. मग त्यांनी पुढची फुंकर मारली आणि तो घास शबनमच्या हातावर ठेवला. "घे बेटा. गरम हाय तवर खा."